पायाला सोसेल ते पाणी

२ नोव्हेंबर

आले बाई एकदाची. गाडी उशिरा सुटली, बॅगेचं चाक मोडलं, शेजारचा माणूस सगळ्या वाटेत माझ्या खांद्यावर घोरत होता. पण दार उघडून लेक गळ्यात पडली आणि सगळा शीण पळाला. मागोमाग जावई आले आणि त्यांच्या कडेवर ती. माझी नात. फोटोत बघून बघून डोळे दुखले होते, पण फोटोत वजन कुठे कळतं? हातात घेतली तर चांगली दणकट निघाली. तिने आधी मला साहेबासारखं आपादमस्तक न्याहाळलं, मग माझं नाक धरून ओढलं आणि खुदकन हसली. आईबापांनी तिचं नाव मोठं छान ठेवलंय, पण मी तिथल्या तिथे तिला ढब्बू करून टाकलं. लेक म्हणाली, आई, असलं नाव चिकटतं हां. म्हटलं, चिकटू दे की.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि माझ्यासाठी एक चिमुकली खोली, तिच्या शेजारीच न्हाणीघर. खिडकीतून खाली एक शिंपी दिसतो. तो मशीन दारातच मांडून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारतो. करमेल मला इथे.

ही वही साखरेच्या डॉक्टरांच्या कृपेने. रोज काय खाल्लं ते लिहायला सांगितलंय. तर आज काय खाल्लं? लेकीने वाढलं ते, आणि तिची नजर चुकवून एक क्रीमचं बिस्किट. संपलं खाण्याचं. उरलेल्या पानांवर मी माझं लिहिणार.

४ नोव्हेंबर

आज ढब्बूची अंघोळ माझ्या ताब्यात आली. लेकीच्या बाळंतपणाला मला येता आलं नव्हतं, नेमकं तेव्हाच डोळ्याचं ऑपरेशन निघालं. पाच महिने माझ्या नातीला परक्या बाईने न्हाऊ घातलं. आणि मी कोण? तीस वर्षं दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घालून संसार ओढलेली बाई. आमच्या गल्लीत मूल झालं की डॉक्टरांच्या पाठोपाठ मला निरोप यायचा. हे गेल्यावर लेकीला मी याच पायांच्या जिवावर शिकवलं.

पायांच्याच म्हणायचं. ठेंगण्या पाटावर बसायचं, दोन्ही पाय समोर लांब सोडायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं. मग पहिला तांब्या बाळावर नाही, आपल्या पायांवर. पायाला सोसलं तर पोराला सोसतं. हाताला कामाची सवय असते, हात फसवतो. पायाची कातडी कोवळी राहते, ती खोटं बोलत नाही. माझ्या सासूबाईंनी शिकवलं ते हे एवढंच, बाकी आयुष्यभर टोमणेच दिले.

पाणी मात्र कोमटच येतं इथलं. गीझर म्हणजे नुसता शोभेचा. गरम नळ पूर्ण सोडला, गार बंदच केला, तेव्हा कुठे पायाला जरा ऊब वाटली. ढब्बू रडली थोडी. पहिला दिवस, नवा हात, रडणारच.

७ नोव्हेंबर

जावयांनी माझ्या भुणभुणीला कंटाळून गीझरचं बटण वर केलं. गुणी माणूस आहे. सासूचं ऐकणारा जावई म्हणजे हजारांत एक, असं मी लेकीला म्हटलं. ती म्हणाली, तुझी भुणभुण थांबवायला कोणीही काहीही करेल.

घर स्वच्छ आहे पण माझ्या खोलीत कचकच फार. पाय टाकला की तळव्याखाली रेती. दोनदा झाडलं, ओल्या फडक्याने पुसलं, तरी तेच. लेक गुडघ्यावर बसून फरशीवरून हात फिरवून बघत होती. म्हणे, एक कण नाही. म्हटलं, तुमच्या पिढीला धूळ दिसतच नाही.

थंडी वाढलीय. लेकीने मला लोकरीचे काळे मोजे आणले, जाड. अंघोळीपुरते काढते, एरवी पायांतच.

१२ नोव्हेंबर

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणते. न्हाणीघरातून निघाले, दोन्ही चपला घालून, मला पक्कं आठवतं. खोलीत येऊन बसले तर एका पायात चप्पलच नाही. परत गेले. ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, तोंड आतल्या बाजूला करून पडलेली. चप्पल पायातून निघाली तर माणसाला कळणार नाही का? कोणी ओढून घेतल्याशिवाय जाईल कशी?

रात्रीची झोप गेलीय. अंथरुणात पडलं की पाय पेटतात. कोणीतरी मिरच्या वाटून चोळल्यात असं. पांघरूण काढून हात लावला तर पाय थंडगार. मग मुंग्या येतात, मग एकदम सुई टोचते, मग परत आग. साखर वाढली असेल. क्रीमची बिस्किटं बंद. उद्यापासून.

१६ नोव्हेंबर

लेकीचं खड्याचं कानातलं हरवलं. तिच्या बाबांनी दिलेलं, त्यामुळे ती रडवेली झाली. तिघांनी मिळून घर पालथं घातलं, जावयांनी तर केराचा डबा कागदावर ओतला. नाही मिळालं. ढब्बूने गिळलं की काय म्हणून सगळ्यांचं धाबं दणाणलं होतं, पण ती मजेत मूठ चोखत बसलेली.

ढब्बूचं मात्र काहीतरी बिनसलंय. दिवसभर हसते, खेळते, आणि सकाळी मी तिला घेऊन न्हाणीघराकडे वळले की अंगाची कमान करते. दाराशी गेल्यावर माझ्या खांद्यावरून मागे बघत किंचाळते. आतमध्ये नाही बघत. एवढी बाळं न्हाऊ घातली, रडकी, चिडकी, एक तर चावरं होतं, पण अशी भीती मी कोणाच्या डोळ्यांत बघितली नव्हती. लेक रात्रभर तिच्यामागे जागते, सकाळी तासभर डोळा लागतो तिचा. ती उठू नये म्हणून मी दार लावून घेते.

२१ नोव्हेंबर

ढब्बूच्या पाठीवर आणि मांड्यांवर लाल चट्टे. दुपारपर्यंत उतरतात, सकाळी अंघोळीनंतर परत. कोणी चापट्या माराव्यात तसे. मुलांच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले साबण बदला. बदलला. तेल बदललं. मी टॉवेलसुद्धा बदलला. चट्टे तेच.

खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली. तिच्या तोंडाला कुलूप नाही. न विचारता सांगून गेली की आमच्याआधी इथे राहायचे त्यांची म्हातारी न्हाणीघरातच वारली. पाय घसरला. किती वेळ तशीच पडून होती कोण जाणे, गरम नळ चालू राहिलेला.

हे मी लेकीला सांगितलं नाही. ती शिकलेली, हसेल. आणि नाही हसली तर जास्त वाईट.

२६ नोव्हेंबर

माझे पाय कोणीतरी धरतं.

लिहायला बरं वाटत नाही पण खरं ते खरं. पहाटे पडलेली असते, आणि घोट्यापासून खाली कोणीतरी दोन्ही हातांनी घट्ट आवळतं, मोज्यावर दुसरा मोजा चढवावा तसं. बघते तर काही नाही. आणि आज सकाळी अंघोळीनंतर न्हाणीघरापासून माझ्या खोलीपर्यंत फरशीवर रक्ताचे ठिपके. बारीक, एका रेषेत. ढब्बूला उलटंपालटं करून बघितलं, काही नाही. लेकीने आपले पाय बघितले, जावयांचे बघितले. माझे विचारले. म्हटलं, मला लागलं असतं तर मला कळलं नसतं का? कुठे काही दुखतसुद्धा नाही दिवसा. तिने फडकं घेऊन पुसून टाकलं आणि विषय सोडला.

मी नाही सोडला. ते ठिपके न्हाणीघरातून निघून माझ्या पलंगाशी येऊन थांबले होते.

३० नोव्हेंबर

ढब्बू माझ्याकडे येत नाही.

हात पुढे केले की आईच्या गळ्यात तोंड लपवते. नाक ओढणारी, हसणारी माझी ढब्बू. जावई म्हणाले, दात येत असतील. मी पण हो म्हटलं. मग खोलीत येऊन पदराला डोळे पुसले. मी इथे आले कशाला? त्या एका पोरीसाठी. तिकडे माझं काय आहे, एक खोली आणि एक खुर्ची. एवढ्या परक्या पोरांनी माझ्या पायांवर झोपा काढल्या, आणि माझं स्वतःचं रक्त माझ्याकडे यायला घाबरतं.

ती मला नाही घाबरत. ती माझ्या मागे जे उभं असतं त्याला घाबरते. लहान मुलांना दिसतं.

माझ्या नडगीवर पण कातडी सुटलीय. ओरबाडल्यासारखी. मोज्याने झाकली.

३ डिसेंबर

आज अंघोळीआधी ढब्बूला पाळण्यात ठेवून मी एकटी न्हाणीघरात गेले. दार लावलं, पाटावर बसले आणि त्या म्हातारीशी बोलले. वेड लागलं म्हणा. म्हटलं, बाई, तू पण कोणाची तरी आजी असशील. तुझं काय घ्यायचं राहिलंय ते माझ्याकडून घे. माझे पाय धरतेस ना, धर. घेऊन टाक. माझं झालंय सगळं. पण पोरीला हात लावू नकोस.

नळ टपटपत होता. आरसा वाफेने पांढरा झालेला.

मग ढब्बूला आणलं, पायांवर तांब्या ओतून बघितला, कोमट होतं, आणि तिला न्हाऊ घातलं. ती इतकी रडली की तिचा आवाज बसला.

४ डिसेंबर

पाठीवर फोड. पाण्याने भरलेला, माझ्या अंगठ्याएवढा.

मुलांच्या डॉक्टरांनी या वेळी साबणाचं नाव काढलं नाही. पाणी किती गरम असतं म्हणून विचारलं. मी सांगितलं, तीस वर्षं हेच करतेय, आधी स्वतःच्या पायांवर घेते, माझ्या पायाला सोसल्याशिवाय थेंब पडत नाही बाळावर. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, आजी, तुम्हाला साखर आहे का? किती वर्षं? आणि एका कागदावर पायांच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला, म्हणाले उद्याच जा.

लेकीला राग आला. बाळाचं सोडून माझ्या आईच्या पायांचं काय काढलं, असं वाटेत म्हणाली. माझी बाजू घेऊन भांडत होती. घरी आल्यावर तिने आणि जावयांनी गीझरवर खापर फोडलं. आता प्लंबर येणार.

५ डिसेंबर

सगळं नीट लिहिते.

लेक बाहेर बाळाला घेऊन बसली, मी आत गेले. डॉक्टरीणबाई तरुण, गोड बोलणाऱ्या. मला झोपवून मोजे काढले. एक केसासारखा बारीक दोरा दाखवला आणि म्हणाल्या, डोळे मिटा, मी याने तळव्याला स्पर्श करेन, कळलं की हो म्हणा. मी डोळे मिटले. वाट बघितली. बराच वेळ झाला, म्हटलं बाई कुठे गेल्या की काय. शेवटी मीच म्हटलं, करा की सुरू.

त्या म्हणाल्या, आजी, झालं करून. दोन्ही पायांवर.

मग पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या नळ्या आणल्या. एक डाव्या नडगीला लावली, एक उजव्या. विचारलं, गरम कुठली? मी म्हटलं, दोन्ही कोमट. त्यांनी त्या नळ्या माझ्या गालाला लावल्या. एक बर्फासारखी होती. दुसरीने मी तोंड बाजूला घेतलं.

हातांच्या बोटांचंही तेच, थोडं कमी. साखरेने नसा मरतात म्हणाल्या. टोकापासून मरत येतात, आधी मोजे घातल्यासारखं, मग हातमोजे. मरताना नस ओरडते. ती रात्रीची आग, मुंग्या, आवळणं, रेती, ते सगळं तिचं ओरडणं. नसलेली आग लागते आणि असलेली कळत नाही.

मग त्यांनी उजव्या तळव्यात चिमटा घातला आणि काहीतरी उपसून काढलं. ट्रेमध्ये टाकलं तर टण्ण वाजलं. माझ्या लेकीचं कानातलं. खडा होता तसा चमकत होता. इतके दिवस मी ते पायात घेऊन घरभर शोधत फिरत होते.

दुखलं नाही. काहीच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरातसुद्धा जाड तळाचे बूट घालायचे, रोज आरशात तळवे बघायचे, आणि पाण्याचा अंदाज पायाने किंवा हाताने कधीही घ्यायचा नाही. लेकीला आत बोलावू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

बाहेर येऊन लेकीला सांगितलं, थोडी बधिरता आहे, बूट घालायला सांगितलेत. कानातलं तिच्या हातावर ठेवलं. ती माझ्या पायांना धरून तिथेच, सगळ्यांसमोर रडली. मला तिचे हात कळत नव्हते. दिसत होते, म्हणून मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

६ डिसेंबर

सकाळी न्हाणीघरात जाऊन उभी राहिले. गरम नळ सोडला. वाफ. पाय खाली धरला. कोमट. मग वाकून गाल जवळ नेला.

अरे देवा. माझी ढब्बू.

कोणी नव्हतं इथे. ना म्हातारी, ना कोणाचा हात. रोज सकाळी दार लावून त्या पोरीला आत नेणारी बाई एकच होती. ती माझ्या मागे बघत नव्हती. ती सुटायला बघत होती. आई झोपलेल्या खोलीकडे.

मी मागितलं होतं, माझ्याकडून घे म्हणून. घ्यायचं काय उरलं होतं?

८ डिसेंबर

प्लंबर म्हणाला गीझर चांगला आहे, फक्त बटण फार वर होतं. जावयांचं तोंड उतरलं. मीच केलं वर, असं म्हणत होते, दिवसभर तेच. लेकीने त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही, पण जेवताना दोघं बोलली नाहीत.

मी म्हणायला हवं होतं. माझ्यासाठी केलं त्यांनी, आणि ओतलं मी. घास गिळला आणि पुढचा घेतला. सांगितलं तर काय होईल मला माहीत आहे. कोणी ओरडणार नाही. गोड बोलून तिकीट काढतील.

कंबर धरलीय म्हणून सांगितलं. अंघोळ आता लेक घालते.

९ डिसेंबर

न्हाणीघरातून ढब्बूच्या हसण्याचा आवाज. पाणी उडवते. लेक तिला ओरडते, लटकं. तीही हसते.

मी बाहेर टॉवेल घेऊन उभी.

बाई, किती हसते ही अंघोळीला.

१७ डिसेंबर

फोडाची जागा भरतेय. डाग राहील का म्हणून विचारलं. लेक म्हणाली, लहान आहे, जाईल. मग म्हणाली, आई, तू किती मनाला लावून घेतेस, तुझा काय दोष.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं पण. ढब्बू मध्ये आली. म्हणजे मीच तिच्याकडे बोट दाखवलं, बघ बघ, बसायला लागली म्हणून.

ढब्बू अजून माझ्याकडे येत नाही. बघते. लांबून.

२ जानेवारी

लेकीची रजा संपतेय. बाळाला कोणाकडे ठेवायचं यावर दोघांचं बोलणं चाललं होतं. मग लेक माझ्याकडे वळून म्हणाली, आई आहे की. परक्यापेक्षा आई शंभर पटीने बरी.

म्हटलं, माझे पाय असे. म्हणाली, तुला काय तिला घेऊन पळायचंय? नुसतं बघायचं. डबा भरून ठेवीन. अंघोळ मी घालून जाईन.

अर्धं सांगितलं होतं, अर्ध्यावर विश्वास ठेवला तिने. आता उरलेलं अर्धं कोणत्या तोंडाने?

काही होत नाही. पाण्याला हात लावणार नाही. गॅस लावणार नाही. नुसतं बघेन. डोळे तरी चांगले आहेत माझे, ऑपरेशन झालेले.

८ जानेवारी

पहिला दिवस. लेक गेली. दारात दोनदा मागे फिरली.

बूट जड आहेत. तळ लाकडासारखा. पायात काही आहे की नाही बघून समजतं. चालताना जमीन कुठे सुरू होते कळत नाही, आवाजावरून चालते. टक टक. ढब्बू त्या आवाजाकडे मान वळवून बघते.

दोघी लांब लांब. ती चटईवर, मी खुर्चीत. सगळी दारं बंद. न्हाणीघराला बाहेरून कडी.

रडली नाही. मीही नाही.

११ जानेवारी

रांगते. मागे मागे जाते आधी. उलटी गाडी. हसू आलं मला, खूप दिवसांनी.

पाय रात्री फार. आता गुडघ्यापर्यंत. मेलेल्याला एवढं काय ओरडायचं असतं.

१४ जानेवारी

दुपार. ठरवलं आज. लेक आली की चहा आधी देते आणि सांगते सगळं. पहिल्या तांब्यापासून. जावयांना पण. त्यांनी का म्हणून मान खाली घालायची. तिकीट काढतील तर काढोत. माझी खोली आहे, खुर्ची आहे. फोनवर बघेन हिला. फोटोत वजन कळत नाही, नसू दे.

फक्त जाण्याआधी एकदा तरी तिने आपणहून यावं. एवढंच होतं मनात.

आणि बघा.

चटईवरून निघाली. पुढे. माझ्याकडे. थांबली, बघितलं तसंच, साहेबासारखं. परत निघाली. मी हलत नाही. श्वाससुद्धा हळू. लिहितेय म्हणजे हात नाचणार नाहीत, ती घाबरणार नाही —

आली. खुर्चीशी आली. खाली डोकं घालून बुटाच्या नाडीशी खेळतेय. दिसतो तिचा टाळूचा भाग, भुरुभुरु केस. धरलंय मला तिने. कळत नाही मला, पण धरलंय. पायच धरलेत —

मान वर केली. हसली. माझ्याकडे बघून. ढब्बू. माझ्या बाळा. उचलून घेते तुला, थांब, वाकून, जरा पाय नीट टेकवून —

रडतेय.

का? काय झालं? पाणी नाही, काही नाही. दार बंद आहे. माझे हात इथे वहीवर आहेत. खोलीत कोणी नाही. किंचाळतेय, तशीच, तेव्हासारखी — हात ओढतेय, निघत नाही तिचा हात — कोणी धरलाय तिचा हात? कोणी नाही इथे. मी तर जागची उठलेसुद्धा नाही, नुसता बूट खाली टेक